जकात भरतो कोण?



2017 सालच्या दिवाळीआधीची गोष्ट आहे. आमच्या संघटनेचे काही सभासद एका सूतगिरणीत कामाला होते. दसरा उलटला तरी बोनसची भाषा निघेना, म्हणून आम्ही चौघे व्यवस्थापकांना भेटावयास गेलो. त्यांनी चहा पाजला आणि सांगितले, "भाऊ, सूत परदेशी गेले, पण कराचा परतावा सरकारात अडकला आहे. तो आला की बोनस." आम्ही बाहेर आलो तेव्हा फाटकाशी बसलेल्या एका रीलिंगवाल्या बाईंनी विचारले, "दादा, कर भरला मालकाने, अडकवला सरकारने, मग दिवाळी आमची का अडली?"

या प्रश्नाचे उत्तर तेव्हा आम्हांला देता आले नाही. आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली आणि पुढचे शिक्षण झाले ते साचेखात्यात, संघटनेच्या कचेरीत आणि धुळे-जळगावच्या वाचनालयांतून. पण त्या बाईंचा प्रश्न काही पाठ सोडीना. म्हणून आम्ही जकातीचा इतिहास वाचू लागलो, आणि वाचता वाचता ध्यानात आले की खानदेशच्या कापसाची दोनशे वर्षांची हकीकत म्हणजे याच प्रश्नाची हकीकत आहे. आज आपणांपुढे तीच मांडावयाची आहे.

'जकात' हा शब्द मूळचा अरबी. धर्माने सांगितलेले दान, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे येईतो त्यातले दान गळाले आणि नुसते घेणे उरले! मराठी राज्यात जकातीचे अनेक प्रकार होते. माल जेथे भरावयाचा तेथे द्यावयाची ती थळभरीत, जेथे विकावयाचा तेथे द्यावयाची ती थळमोड, आणि वाटेत नाक्यानाक्यावर द्यावयाची ती निराळीच. खानदेशातून बैलांच्या तांड्यावर कापूस घाट उतरून समुद्राकडे जावयाचा म्हणजे अशा किती हातांखालून तो जात असेल याची कल्पना करावी. या कटकटीतूनच एक धंदा उभा राहिला होता, तो हुंडेकऱ्यांचा. व्यापाऱ्याने ठरलेली एकरक्कम हुंडेकऱ्याला द्यावी, आणि हुंडेकऱ्याने वाटेतील साऱ्या जकाती भागवून माल मुक्कामी पोचवावा. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने लिहिलेल्या अहवालात या हुंडेकऱ्यांचा उल्लेख आहे. आज बंदरावर मालाचे कागद सोडविणारा परवानाधारक दलाल असतो, त्याला आपण कस्टम्स ब्रोकर म्हणतो. हुंडेकरी हा त्याचा आजोबा म्हटला तरी चालेल.

1818 साली खानदेश इंग्रजांकडे गेला. मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकाती त्यांनी 1838 साली उठविल्या. नाके गेले, रस्ते मोकळे झाले. व्यापाराला ते हितावह झाले, यात शंका नाही, आणि जे हितावह झाले त्याला तसे म्हटलेच पाहिजे. परंतु आतले नाके उठले म्हणून जकात संपली नाही. ती समुद्रकिनाऱ्यावर जाऊन बसली, आणि तिचा दर ठरविणारा माणूस पूर्वी घाटमाथ्यावर दिसत असे तो आता सात समुद्रांपलीकडे गेला. पूर्वीच्या जकातदाराशी निदान भांडता तरी येत होते!

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानाकडे पाहू लागल्या. त्याच सुमारास खानदेशात आगगाडी आली. जळगाव हे तोपर्यंत लहानसे गाव होते. जिनिंग, प्रेसिंग, आडत आणि दलाली यांच्या जोरावर ते पेठ बनले. 1865 साली युद्ध थांबले आणि भाव कोसळले, पण कापूस खानदेशाच्या काळ्या मातीत कायमचा राहिला. पुढच्या दशकात जळगावला कापडगिरणीही उभी राहिली. नंतर अमळनेर आणि धुळे येथेही गिरण्यांचे भोंगे वाजू लागले.

आता जकातीचा भार कोणाच्या अंगावर पडतो, हे समजून घेण्यासाठी आडत्याची पट्टी डोळ्यांपुढे आणावी. भाव फुटे तो लिव्हरपूलला. 784 रत्तलांची एक खंडी, म्हणजे 392 रत्तलांच्या दोन गाठी, तिला काय भाव येईल हे तेथे ठरे. मग हिशेब उलटा चालू होई. त्या भावातून जहाजाचे भाडे वजा, विमा वजा, मुंबईच्या पेढीचा नफा वजा, रेल्वेचे भाडे वजा, प्रेसिंगची मजुरी वजा, आडत, तोलाई, हमाली वजा. वाटेत कोणी कर बसविला असेल तर तोही वजा. सर्वांचे काढून झाल्यावर उरेल तो शेतकऱ्याचा भाव. यांतील प्रत्येक जण आपला कर पुढच्या किंवा मागच्या माणसावर ढकलू शकतो. शेतकऱ्याच्या मागे मात्र कोणी नाही, त्याच्या मागे फक्त जमीन आहे! गिरणीतही असेच घडते. कापूस, कोळसा आणि व्याज यांचे भाव मालकाच्या हाती नसतात. हाताशी असते ती मजुरी, आणि म्हणून काट मारावयाची वेळ आली की पहिली कात्री मजुरीला लागते.

हा नुसता तर्क नाही. गिरणीच्या कापडावरील कराचा इतिहास पाहिला म्हणजे याची खात्री पटते.

1875 साली हिंदुस्थान सरकारने आयात कापडावर पाच टक्के जकात ठेवली, आणि त्याबरोबर बाहेरून येणाऱ्या लांब धाग्याच्या कापसावरही पाच टक्के जकात बसविली. हेतू असा की मुंबईच्या गिरण्यांनी परदेशी कापूस आणून तलम कापड काढू नये आणि मँचेस्टरशी स्पर्धा करू नये. मँचेस्टरचे तेवढ्याने समाधान झाले नाही. 1879 साली लॉर्ड लिटनने आपल्याच कौन्सिलातील बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरील आयात जकात माफ केली. मागे भयंकर दुष्काळ होऊन गेलेला, पुढे अफगाण युद्धाचा खर्च उभा, आणि अशा वेळी उत्पन्न सोडून दिले ते लँकेशायरसाठी! 1882 साली उरलीसुरली कापड-जकातही गेली.

पुढे रुपयाचा भाव घसरला, तिजोरी रिती झाली आणि 1894 साली जकात पुन्हा बसवावी लागली. त्याबरोबर देशी गिरण्यांच्या वीस नंबरावरील सुतावर अंतर्गत कर आला. फेब्रुवारी 1896 मध्ये ही व्यवस्था बदलली. सूत मोकळे झाले, बाहेरच्या कापडावर साडेतीन टक्के जकात लागली, आणि देशी गिरणीत विणलेल्या कापडावरही तितकाच साडेतीन टक्के कर लागला. हातमाग यातून वगळला होता. युक्तिवाद असा होता की परदेशी मालावर कर आहे तर देशी मालावरही हवा, नाही तर ते संरक्षण होईल. ऐकावयास हे न्यायाचे वाटते. पण मँचेस्टरचे तलम कापड आणि आखूड धाग्याच्या कापसाचे जाडेभरडे कापड यांची मुळात स्पर्धाच कोठे होती? तलम कापड ल्यावयाचे त्यांनी ते ल्यावे. जाडेभरडे कापड ज्या शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या अंगावर होते त्याच्यावर हा कर बसला. टिळकांनी 1896 साली याविरुद्ध रान उठविले आणि विलायती कापड वापरू नका असे सांगितले. वंगभंगाच्या चळवळीतील बहिष्कार आपणांस माहीत असतो. त्याच्या नऊ वर्षे आधी महाराष्ट्रात बहिष्काराची भाषा निघाली ती जकातीच्या या साडेतीन टक्क्यांवरून, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

हा कर जवळजवळ तीस वर्षे टिकला. 1917 साली आयात जकात साडेसात टक्के झाली, 1921 साली अकरा टक्के झाली, पण देशी कापडावरचे साडेतीन टक्के तसेच राहिले. मग 1925 साल उजाडले. मुंबईच्या गिरणीमालकांनी धंदा मंद आहे, कराचा बोजा आहे, असे सांगून मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सुमारे दीड लाख कामगार सप्टेंबरात संपावर गेले. मालक म्हणत होते की सरकारने हा कर काढला तर आम्ही कपात मागे घेऊ. कामगार दोन महिन्यांहून अधिक काळ उपाशीतापाशी टिकून राहिले. डिसेंबराच्या आरंभी सरकारने वटहुकूम काढून कर तहकूब केला आणि मालकांना कपात मागे घ्यावी लागली. पुढच्या वर्षी तो कर कायमचा गेला.

श्रोतेहो, या प्रसंगाकडे नीट पाहावे. कायद्याच्या पुस्तकात हा कर गिरणीमालकावर होता. चलनावर सही मालकाची होती. पण तो निघाला तेव्हा मजुरी परत आली. याचा अर्थ असा की तो भरला जात होता मजुरीतून. आणि तो निघाला तोही टिळकांच्या काळापासून चाललेल्या अर्ज-विनंत्या, भाषणे आणि ठराव यांना दीड लाख माणसांच्या उपासाची जोड मिळाली तेव्हा.

दुसरा प्रसंग शेतकऱ्याचा आहे आणि तो खानदेशाच्या अधिक जवळचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर आपल्या कच्च्या कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक इंग्लंड राहिले नव्हते, जपान झाले होते. जपानी गिरण्या आखूड धाग्याचा स्वस्त कापूस मिसळून सूत काढीत, आणि खानदेशचा कापूस याच जातीचा होता. त्या सुताचे स्वस्त कापड मग आपल्याच बाजारात येई. आपले गिरणीमालक ओरडू लागले. जून 1933 मध्ये सरकारने ब्रिटिशेतर कापडावरची जकात पंचाहत्तर टक्क्यांवर नेली. मालक खूश झाले. कामगारांनाही बरे वाटले असेल. पण जपानी गिरण्यांनी लगेच उत्तर दिले, तुमचा कापूस आम्ही घेत नाही! ज्या मुलखाचा कापूस मुंबईच्या गिरण्यांना फारसा नको आणि लँकेशायरला तर नकोच, त्या मुलखातल्या शेतकऱ्याने त्या वर्षी काय करावे? गिरणीचे संरक्षण झाले, त्याचा मोबदला वखारीत पडून राहिलेल्या गाठींनी दिला.

अखेर जानेवारी 1934 मध्ये दिल्लीत तडजोड झाली. जकात पन्नास टक्क्यांवर आली. जपानने वर्षाला दहा लाख गाठी कापूस घेतला तर त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड पाठविता येईल, पंधरा लाख गाठी घेतल्या तर चाळीस कोटी वार. गाठींना वारांची बेडी घातली गेली. या करारात आम्हांला एक शहाणपण दिसते. जकातीचा दर ठरविताना कापड विणणारा आणि कापूस पिकविणारा या दोघांचा हिशेब एकाच कागदावर मांडावा लागतो, हे त्यात प्रथमच स्पष्टपणे मान्य झाले. मात्र ते मान्य झाले ते शेतकऱ्याच्या विनंतीवरून नव्हे, तर गिऱ्हाईक रुसल्यावरून!

प्रत्येक कर लुटीचाच असतो असे मात्र आमचे म्हणणे नाही. 1923 साली कापसावर एक लहानसा उपकर बसला. गाठीमागे प्रथम चार आणे, पुढे दोन आणे. परदेशी जाणाऱ्या गाठीवर आणि देशी गिरणीत वापरल्या जाणाऱ्या गाठीवर, दोहोंवर तो सारखाच होता. तो पैसा 1921 साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती कापूस समितीकडे जाई, आणि समिती तो कापसाच्या सुधारणेवर, वाण-संशोधनावर खर्च करी. कापसाच्या संशोधनाचे जे काम त्या काळात जळगावला झाले त्यातून जरीला हे वाण निघाले आणि खानदेशात ते घरोघरी माहीत झाले. जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी ते नाव आम्ही लहानपणी ऐकले आहे. साडेतीन टक्क्यांतून खानदेशाला काय मिळाले, हे आम्ही पुष्कळ शोधूनही सापडले नाही. दोन आण्यांतून मात्र वाण मिळाले. कर किती आहे यापेक्षा तो परत कोठे येतो, हे पाहण्याची सवय आम्हांला या उदाहरणाने लागली.

स्वातंत्र्यानंतर घर आपले झाले. राज्यघटनेच्या 265 व्या कलमाने सांगितले की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येणार नाही. 1878 च्या सागरी जकात कायद्याची जागा 1962 च्या सीमाशुल्क कायद्याने घेतली. शहरांच्या वेशीवरचे जकात नाके मात्र पुष्कळ वर्षे राहिले. रात्री ट्रकांची रांग आणि कंदिलाच्या उजेडात पावती फाडणारा कारकून हे चित्र आमच्या पिढीने पाहिले आहे. महाराष्ट्रातील असे शेवटचे नाके 2017 च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला तेव्हा गेले.

आज माल परदेशी धाडणे म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण रावेर-यावलची केळी आता आखाती देशांत जातात आणि त्या साखळीत आपलीच मुले काम करतात. प्रथम व्यापाऱ्याला आयात-निर्यातीचा क्रमांक लागतो. मग मालाचा आकडा ठरतो. 1988 पासून जगातील बहुतेक देशांनी एकच वर्गवारी स्वीकारली आहे. तीत कच्चा कापूस 5201 मध्ये, केळी 0803 मध्ये. पहिले सहा आकडे सर्वत्र सारखे असतात, पुढचे ज्याच्या त्याच्या देशाचे. आकडा चुकला की दर चुकतो, दर चुकला की माल बंदरात अडतो, आणि केळी काही कोणाची वाट पाहत नाहीत. मग करारात एक गोष्ट स्पष्ट लागते : तिकडची जकात कोण भरणार? पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने 1936 साली यासाठी ठराविक अटींची यादी काढली, ती सुधारत सुधारत आजही चालते. त्यांतील 'डी. डी. पी.' ही अट असेल तर गिऱ्हाइकाच्या देशातली जकातही विकणाऱ्याने भरावयाची. ही तीन अक्षरे न वाचता सही करणारे लहान व्यापारी आम्ही पाहिले आहेत. माल पोचल्यावर तिकडून बिल येते तेव्हा नफा संपलेला असतो, आणि पुढच्या आठवड्यात पॅकिंगच्या बायकांची मजुरी थकते.

आपल्या देशाचे धोरण असे की माल बाहेर पाठवावा, कर बाहेर पाठवू नये. म्हणून निर्यातीवरील वस्तू व सेवा कर एक तर भरावाच लागत नाही, त्यासाठी हमीपत्र देता येते. किंवा भरला तर परत मिळतो. सीमाशुल्क कायद्याच्या 75 व्या कलमातही निर्यातीच्या मालात वापरलेल्या कच्च्या मालावरची जकात परत देण्याची सोय आहे. कायदा चांगला आहे. घोडे अडते ते कागदात.

आता आम्ही त्या सूतगिरणीकडे परत येतो. नुसत्या घोषणा देऊन परतावा सुटणार नाही हे आम्हांला कळत होते. आम्ही व्यवस्थापकांना म्हटले, "साहेब, कागद दाखवा. चूक असेल तर आम्हीही बसतो." ते प्रथम हसले, नंतर त्यांनी हिशेबनीसाकडे पाठविले. आमच्यात वाणिज्य शाखा शिकलेला एक बदली कामगार होता. तो आणि हिशेबनीस दोन रात्री बसले. बंदरात दिलेल्या निर्यातपत्रावरचा बीजक क्रमांक आणि कराच्या विवरणात भरलेला क्रमांक जुळत नव्हता. एका ठिकाणी आडवी रेघ होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती. यंत्राला रेघ कळते, दिवाळी कळत नाही. दुरुस्ती करून कागद गेले. परतावा यावयास फेब्रुवारी उजाडला. पण दिवाळीला अर्धा बोनस मिळाला, कारण पैसा बुडालेला नाही, अडकलेला आहे, हे आता आमच्याही हाती लेखी होते. उरलेला अर्धा होळीपूर्वी मिळाला. त्या वर्षी आमच्या संघटनेने कराचा कागद वाचण्याचा एक लहानसा वर्ग चालू केला, तो अजून चालतो.

शेवटी अगदी अलीकडचे. 2021 च्या अंदाजपत्रकाने परदेशी कापसावर एकूण अकरा टक्के आयात जकात बसविली. आपल्या शेतकऱ्याला तिचा आधार होता. 2025 च्या ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावरची जकात वाढवीत 27 तारखेपासून पन्नास टक्क्यांवर नेली. कापडधंदा हादरला. त्याला दिलासा म्हणून आपल्या सरकारने 19 ऑगस्टपासून कापसाची आयात जकात माफ केली, आणि पुढे ही माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढविली. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळाला, म्हणजे कामगाराचे काम वाचण्याची आशा वाढली. पण ऑक्टोबरपासून खानदेशात वेचणी चालू होते. नवा कापूस बाजारात येण्याच्या ऐन वेळी दाराशी परदेशी गाठी उभ्या राहिल्या. शेतकरी चिडला, आणि त्याचे चिडणे खोटे नव्हते.

त्या दिवसांत आमच्या कचेरीत दोघे सख्खे भाऊ आले. थोरला चोपड्याकडे शेती करतो, धाकटा गिरणीत आहे. थोरला म्हणे जकात हवी, धाकटा म्हणे नको. दोघे आमच्याकडे न्याय मागत होते. आम्ही त्यांना 1933 ची हकीकत सांगितली. तेव्हाही पंचाहत्तर टक्क्यांनी एक भाऊ वाचला आणि दुसरा बुडाला. दोघेही सावरले ते गाठी आणि वार एका कागदावर आले तेव्हा. आम्ही म्हटले, "जकात हवी की नको, हे भांडण तुमचे नव्हे. हवी असेल तर गिरणीला दुसरा आधार कोणता, नको असेल तर शेतकऱ्याला भाव कोण देणार, हे एकाच दमात विचारा, आणि दोघे मिळून विचारा."

त्यांचे समाधान झाले की नाही ते आम्हांला ठाऊक नाही. पण जाताना धाकट्याने आमच्या वर्गाची वेळ विचारली, आणि थोरल्याने विचारले, "शेतकऱ्याला बसू देता का?" आम्ही त्याला रविवारी सकाळी नऊला बोलाविले आहे. आपणांपैकी ज्यांना यावयाचे असेल त्यांनीही यावे. येताना घरात पडलेली एखादी आडत्याची पट्टी, एखादे बीजक, एखादी पावती घेऊन यावी. फाटकाशी बसलेल्या त्या बाईंचा प्रश्न आपण सारे मिळून त्या कागदावरच सोडवू.